दवाखाना घेऊन मळ्यावर: अल्फा कप्पा अल्फाचे मिसिसिपीतले उन्हाळे

१९३५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, होम्स काउंटीच्या लेक्सिंग्टन गावी, बाहेरून आलेल्या काही कृष्णवर्णीय बायकांनी मोफत दवाखाना मांडला. त्यांच्याबरोबर लस होती, औषधं होती, ती द्यायला शिकलेले हात होते. आसपासच्या कापसाच्या मळ्यांवर दुखण्याला तोटा नव्हता. तरी मळ्यावरची माणसं दवाखान्यापर्यंत पोचत नव्हती, कारण मळेवाले त्यांना सोडायला तयार नव्हते.

ज्यांनी आपल्याकडे खेड्यात आरोग्याचा कॅम्प लावला आहे त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, सतरंजी, रजिस्टर सगळं तयार असतं आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती ऊसतोडीची टोळी पहाटेच फडावर गेलेली असते. मुकादमाला विचारल्याशिवाय त्यातल्या बाईला अर्धा दिवस मोकळा मिळत नाही. मग संध्याकाळी रिकामं रजिस्टर मिटताना आपण म्हणतो, लोकांना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही. लेक्सिंग्टनच्या त्या बायका असं म्हणून परत गेल्या नाहीत. त्यांनी सामान पुन्हा मोटारींत भरलं आणि मोटारी मळ्यांकडे वळवल्या.

या बायका अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीच्या सभासद होत्या. १९३५ पासून १९४२ पर्यंत चाललेलं त्यांचं हे काम ‘मिसिसिपी हेल्थ प्रोजेक्ट’ या नावानं ओळखलं जातं. मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते मोटारी वळवण्याच्या त्या निर्णयासाठी, आणि त्या निर्णयाबरोबर जे गिळावं लागलं त्यासाठीही.

आधी ही संघटना

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतलं मुलींचं भगिनीमंडळ. ग्रीक अक्षरांचं नाव, ठरलेले रंग, प्रवेशाचा विधी, एकमेकींना बहीण मानायची रीत. आपल्याकडे अनेकांनी अल्फा कप्पा अल्फाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते २०२० मध्ये कमला हॅरिस यांच्यामुळे. त्या १९८६ साली हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकत असताना हिच्या सभासद झाल्या. निवडणुकीच्या काळात गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या, गळ्यात मोत्याची माळ घातलेल्या बायका टीव्हीवर दिसायच्या, त्या याच.

मंडळाची स्थापना १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात झाली. पुढाकार एथेल हेजमन या विद्यार्थिनीचा, बरोबर आणखी आठ जणी. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम ४३ वर्षं झाली होती. आजी-आजोबांच्या पिढीला अक्षर शिकणं गुन्हा होता आणि नात लॅटिन-ग्रीक वाचत होती. अशा मुलींनी ग्रीक अक्षरांचं नाव घ्यावं, यात नुसती हौस नव्हती. फिकट गुलाबी आणि सफरचंदी हिरवा हे त्यांचे रंग, आयव्हीच्या वेलीचं पान हे चिन्ह. संस्कृती आणि गुणवत्ता यांच्या बळावर पुढे जायचं आणि सगळ्या मानवजातीची सेवा करायची, हे ब्रीद.

चार-पाच वर्षांतच मंडळात फूट पडली. १९१२ मध्ये शिकत असलेल्या २२ जणींना नाव, रंग, चिन्हं सगळंच बदलायचं होतं आणि सार्वजनिक प्रश्नांत अधिक उतरायचं होतं. शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या नेली क्वांडर यांना ते मान्य नव्हतं. त्या २२ जणींनी १३ जानेवारी १९१३ रोजी डेल्टा सिग्मा थीटा ही वेगळी सोरोरिटी काढली आणि ३ मार्चला वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात त्या चालल्या. क्वांडर यांनी २९ जानेवारीला अल्फा कप्पा अल्फाची कायदेशीर नोंदणी करून नाव पक्कं केलं. कोण बरोबर होतं हे ठरवण्यात मला रस नाही. दोन्ही संघटना मोठ्या झाल्या. पण समाजाची सेवा करायची की थेट राजकारणात पडायचं, हा प्रश्न तिथे मिटला नव्हता. वीस-बावीस वर्षांनी तो मिसिसिपीत परत उभा राहिला.

एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कोडं उलगडत नाही. कृष्णवर्णीय सोरोरिटीचं सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. नोकरीला लागलेल्या, संसार करणाऱ्या बायकांचे गावोगाव वेगळे चॅप्टर, म्हणजे शाखा, असतात. त्या वर्गणी देतात, अधिवेशनाला जमतात, पदाधिकारी निवडतात. त्यामुळे १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली शिक्षिका, वॉशिंग्टनची डॉक्टर आणि आणखी कुठल्या शहरातली परिचारिका या एकाच मंडळाच्या बहिणी होत्या, आणि अध्यक्षीण हाक देईल तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी घेऊन निघू शकत होत्या. मंदीच्या काळात, सरकारी पैसा नसताना, देशभर पसरलेलं हे जाळं हेच त्यांचं भांडवल होतं.

जॅक्सनबाई परत जातात

ही हाक दिली आयडा लुईस जॅक्सन यांनी. जन्म १९०२, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं आणि त्या बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकल्या. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी आणि मैत्रिणींनी अल्फा कप्पा अल्फाचा चॅप्टर सुरू केला, विद्यापीठाच्या वार्षिकात इतर मंडळांसारखा आपलाही फोटो यावा म्हणून पैसे भरले, फोटो काढला. वार्षिक छापून आलं तेव्हा त्यात तो फोटो नव्हता. ओकलंडच्या सरकारी शाळांत शिकवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका म्हणून पुढे त्यांचं नाव झालं. फोटो गाळला गेल्याचा सल त्यांनी म्हातारपणीही सांगितला आहे.

१९३४ मध्ये जॅक्सनबाई सोरोरिटीच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. बर्कलीची पदवी आणि ओकलंडची नोकरी एवढं मिळवल्यावर मिसिसिपीकडे पाठ फिरवली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. त्या परत गेल्या. लेक्सिंग्टनला अरेनिया मॅलरी ही बाई सेंट्स इंडस्ट्रियल स्कूल नावाची, चर्चनं चालवलेली कृष्णवर्णीयांची शाळा मोठ्या हिमतीनं सांभाळत होती. तिथे सोरोरिटीनं खेड्यातल्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढला. २२ शिक्षक-विद्यार्थी, २४३ मुलं, रात्रीच्या वर्गाला ४८ प्रौढ. देणगीतून २,६०० पुस्तकं जमवून शाळेचं ग्रंथालय उभं केलं, आणि होम्स काउंटीत गोऱ्यांकडेही एवढं मोठं ग्रंथालय नव्हतं.

पुस्तकं आली, शिक्षक आले, आणि मग लक्षात आलं की मुलांच्या अंगात बसून शिकायचं त्राण नाही. हिवतापानं पोखरलेली, किडलेल्या दातांची, पोट खपाटीला गेलेली मुलं बाकावर पेंगत. शिकवणाऱ्यांची स्थिती फार वेगळी नव्हती. इथे जॅक्सनबाईंनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्या स्वतः हाडाच्या शिक्षिका. शाळा हा त्यांचा जीव. तरी पहिल्याच उन्हाळ्यानंतर त्यांनी मान्य केलं की आपण सुरुवात चुकीच्या जागी केली, आधी अंगात रक्त हवं. पुढच्या वर्षी सोरोरिटीचा मुख्य भर आरोग्यावर गेला आणि त्याची सूत्रं डॉ. डॉरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे आली.

फेरेबी यांचा जन्म १८९८ चा, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातून १९२४ मध्ये त्या वरच्या क्रमांकानं डॉक्टर झाल्या. गोऱ्यांच्या इस्पितळांनी उमेदवारीसाठी दारात उभं केलं नाही, म्हणून त्या वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलात आल्या. तिथेच स्थिरावल्या, गरीब वस्तीत मुलांसाठी केंद्र काढलं, हॉवर्डमध्ये शिकवू लागल्या. शिस्तीच्या, व्यवस्थित, वेळेच्या पक्क्या. आणि एकदा पत्करलं की माघार न घेणाऱ्या.

मळ्याचा हिशेब

होम्स काउंटीची जमीन दोन तऱ्हेची. पूर्वेला टेकड्या, पश्चिमेला मिसिसिपी नदीच्या गाळाची सपाट काळी जमीन, तिला डेल्टा म्हणतात. या सपाटीवर कापूस, आणि कापसावर वाट्यानं राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं. १९३० च्या जनगणनेप्रमाणे मिसिसिपीत दहा लाखांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय होते, राज्याच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून किंचित जास्त. मताचा हक्क जवळपास कोणालाच नाही.

वाट्याची पद्धत मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. जमीन मालकाची, खोपट मालकाचं, बी-बियाणं आणि खेचर मालकाचं. कुटुंबानं राबायचं आणि पिकाचा वाटा घ्यायचा. पीक हाती येईपर्यंत पोटाला लागेल ते मळ्याच्याच दुकानातून खावटी म्हणून उचलायचं. वही मालकाकडे. वर्षाअखेर हिशेब होतो तेव्हा कापसाचा भाव मालक सांगणार, उचल मालक सांगणार, व्याज मालक सांगणार. आणि बहुतेक वेळा कुटुंब पुढच्या वर्षाला देणेकरी म्हणूनच निघतं. दारापर्यंत कापूस लावलेला, त्यामुळे परसात भाजी लावायलाही जागा नाही. खायला मक्याचं पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी.

एवढ्या खाण्यावर पेलाग्रा हटकून होतो. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, पुढे डोकं ताळ्यावर राहत नाही. हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी याच मिसिसिपीत, तुरुंगाच्या शेतावरच्या कैद्यांच्या आहाराचा प्रयोग करून १९१५ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे ज्ञान वीस वर्षं उपलब्ध होतं, आणि रोगही तसाच होता. (आपल्याकडे दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत हाच आजार हैदराबादच्या संशोधकांनी पुढे तपासला. धान्य वेगळं, दारिद्र्य तेच.)

त्यात काळ भलता तापलेला. मंदीत कापसाचा भाव कोसळला होता. सरकारनं १९३३ पासून कापूस कमी लावण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पैसे मालकाच्या हाती पडले आणि कमी जमिनीला कमी माणसं लागतात म्हणून वाटेकऱ्यांची खोपटं रिकामी करून घेतली गेली. १९३४ मध्ये नदीपलीकडच्या आर्कान्सात वाटेकऱ्यांनी, काळ्या-गोऱ्यांनी मिळून, सदर्न टेनंट फार्मर्स युनियन काढली. डेल्टातले मळेवाले त्यामुळे बिथरले होते. अशा वेळी वॉशिंग्टनहून शिकलेल्या कृष्णवर्णीय बायका मोटारी घेऊन येतात आणि मळ्यावरच्या माणसांना गावात बोलावतात. मळेवाल्यांच्या नजरेत त्या युनियनवाल्याच होत्या.

मोटारी वळल्या

प्रवासाचीच एक कथा. दक्षिणेतल्या रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसावं लागे. या बायकांनी स्वतःच्या मोटारी काढल्या. वॉशिंग्टनपासून सुमारे हजार मैल. वाटेत हॉटेलात खोली मिळायची नाही, खाणावळीत बसू द्यायचे नाहीत, पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची चावी मिळेलच याची खात्री नाही. औषधं आणि सामान गाडीत, त्यात स्वतः दाटीवाटीनं बसलेल्या.

येण्याआधी परवानग्या घेतल्या होत्या. राज्याच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. फेलिक्स अंडरवुड यांची संमती मिळवली होती. कागदावर सगळं जमलं होतं. लेक्सिंग्टनला दवाखाना उघडायचा, लोक येतील, लस टोचायची, तपासायचं. पण मळेवाल्यांनी माणसं सोडली नाहीत, आणि कागद तिथे संपला.

फेरेबींपुढे तेव्हा दोन-तीन वाटा होत्या. गावातल्या, टेकडीवरच्या थोड्या मोकळ्या कुटुंबांना तपासून समाधान मानता आलं असतं. वर्तमानपत्रांना पत्रं लिहून, मळेवाल्यांची नावं घेऊन परत जाता आलं असतं, आणि उत्तरेत त्याचं कौतुकच झालं असतं. त्यांनी तिसरी वाट धरली: माणसं दवाखान्यात येत नाहीत ना, मग दवाखाना मळ्यावर नेऊ. मोटारीच फिरता दवाखाना झाल्या. खडीच्या, धुळीच्या रस्त्यांवरून रोज एका नव्या ठिकाणी जायचं, चर्चमध्ये नाहीतर शाळेच्या खोलीत टेबलं मांडायची, संध्याकाळी सगळं आवरून परत. अमेरिकेतल्या फिरत्या दवाखान्यांच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत याची गणना होते.

मळ्यावर जायचं म्हणजे मालकाच्या परवानगीनं जायचं, त्याच्या अटीवर जायचं. वहीबद्दल बोलायचं नाही, मजुरीबद्दल बोलायचं नाही. फेरेबींनी ती अट पाळली. मी कितीदा तरी याचा विचार केला आहे, आणि माझं मत असं की त्यांनी बरोबर केलं. घटसर्पानं घसा बंद होत असलेल्या मुलाला युनियन येईपर्यंत थांबता येत नाही. पण या निर्णयाची किंमत होती हे त्या बायकांना चांगलं माहीत होतं, आणि ती किंमत रोज डोळ्यांसमोर घोड्यावर बसलेली असे.

“काय खाता?”

हे मी उगाच म्हणत नाही. मळेवाले दवाखान्यावर पाळत ठेवायला घोडेस्वार मुकादम पाठवत. कमरेला पिस्तूल, बुटात खोचलेला चाबूक. फेरेबींनी पुढे आयुष्यभर हे वर्णन सांगितलं: रुग्णाला आम्ही काय विचारतोय हे ऐकू यावं म्हणून ते घोडा जितका जवळ आणता येईल तितका आणत.

हा प्रसंग क्षणभर डोळ्यांसमोर आणून बघा. टेबलाशी एक बाई, कडेवर मूल. समोर परिचारिका, हातात कागद. नाव, वय, मुलं किती, किती जगली. आणि मग कुठल्याही दवाखान्यात विचारला जाणारा सगळ्यात साधा प्रश्न: काय खाता? दूध मिळतं का, भाजी मिळते का, अंडं मिळतं का? वॉशिंग्टनमध्ये हा आहाराचा प्रश्न. इथे त्याचं खरं उत्तर द्यायचं तर मळ्याच्या दुकानापाशी जावं लागतं, दुकानाच्या वहीपाशी जावं लागतं, दारापर्यंत लावलेल्या कापसापाशी जावं लागतं. घोड्यावरचा माणूस कान देऊन ऐकतो आहे तो हेच ऐकायला. बाईनं काय सांगायचं?

तरी प्रश्न विचारला गेला, रोज, प्रत्येक टेबलावर, आणि उत्तरं लिहून घेतली गेली. माझ्या दृष्टीनं या सबंध कामातली सगळ्यात धीराची गोष्ट लस टोचण्यापेक्षाही ही होती. मजुरीवर भाषण देता येत नव्हतं. आहाराची नोंद मात्र करता येत होती, आणि ती कोणाला नाकारता येत नव्हती. दर वर्षी सोरोरिटीनं कामाचे अहवाल छापले.

प्रत्यक्ष काम भरपूर झालं. मुलांना देवीची आणि घटसर्पाची लस. इतक्या उन्हाळ्यांत मिळून १५,००० च्या वर मुलं. हिवताप आणि उपदंशावर उपचार. दात तपासणं. आयांशी बाळाच्या दुधाबद्दल, पाणी उकळण्याबद्दल, डासांबद्दल बोलणं. दर उन्हाळ्यात दोन ते सहा आठवडे काम चाले. एकेका वर्षी अडीच ते चार हजार माणसं तपासली जात. यातल्या कित्येकांच्या अंगाला डॉक्टरचा हात पहिल्यांदाच लागत होता, आणि तो हात त्यांच्याच रंगाच्या बाईचा होता.

या शेवटच्या गोष्टीचं वजन कळायला शेजारचं राज्य बघावं. अलाबामातल्या टस्कीगीला सरकारच्याच सार्वजनिक आरोग्य सेवेनं १९३२ मध्ये उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न करता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, आणि ते १९७२ पर्यंत चालू राहिलं. तेच दशक, तोच रोग, तसेच वाटेकरी. मिसिसिपीत सुट्टी खर्चून आलेल्या बायका त्याच रोगावर उपचार करत होत्या.

जे झालं नाही

उणिवा सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. सहा आठवड्यांत सुरू केलेलं औषध सातव्या आठवड्यात कोण देणार? मोटारी परत गेल्या की मागे राहायचे ते हिवतापाचे डास आणि वर्षातून एकदा येणारी आठवण. स्थानिक सुईणी आणि चर्चच्या बायकांनी बरंच सांभाळलं, पण डॉक्टर तो डॉक्टर.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. या सभासद बायका पदवीधर, नीटनेटक्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या. सेवेला जाताना आपल्या बहिणींना स्वच्छता शिकवायची, असा वरून खाली उतरणारा सूर सुरुवातीच्या मांडणीत दिसतो. अज्ञान आहे, समजुती आहेत, त्या घालवल्या की प्रकृती सुधारेल. हा सूर आपल्याही चांगल्या चांगल्या महिला मंडळांच्या अहवालांत सापडतो, म्हणून मी त्याला फार दूषण देत नाही. दात घासायला सांगायचं, आणि ब्रश कुठून आणायचा हा प्रश्न. भाजी खा सांगायचं, आणि भाजीला वाफा नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे हे बघितल्यावर सूर बदलत गेला, बोट अज्ञानावरून दारिद्र्याकडे आणि मळ्याच्या व्यवस्थेकडे वळलं. दवाखान्याच्या पहिल्याच उन्हाळ्याच्या अखेरीस, १४ ऑगस्ट १९३५ ला, अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. म्हातारपणचं पेन्शन, बेकारी भत्ता, सगळं त्यात होतं. शेतमजूर आणि घरकामाच्या बायका यांना मात्र त्यातून वगळलं होतं. म्हणजे होम्स काउंटीच्या त्या टेबलापुढे रांगेत उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला.

वॉशिंग्टनमधलं दुसरं टोक

१९१३ च्या फुटीतला प्रश्न इथे परत येतो. मिसिसिपीत टेबलापाशी जे बोलता येत नव्हतं ते कुठेतरी बोलायला हवं होतं. १९३८ मध्ये सोरोरिटीनं वॉशिंग्टनला काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, बाजू मांडणारं स्वतःचं कार्यालय उघडलं. कल्पना नॉर्मा बॉइड यांची. १९१३ च्या नोंदणीवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतल्या या एक. म्हणजे तेव्हा जी बाजू ‘जुनं जपणारी’ ठरली होती, तिच्यातल्याच. झुंडबळीविरोधी कायदा, मतदानाचा हक्क, नोकऱ्यांतला भेदभाव, अशा प्रश्नांवर हे कार्यालय लढलं. अल्पसंख्याकांच्या संघटनेनं काँग्रेसजवळ पूर्णवेळ माणूस बसवण्याचं अमेरिकेतलं हे एक सुरुवातीचं उदाहरण. १९४८ मध्ये इतर सोरोरिटी आणि बंधुमंडळांना घेऊन त्याची जागा अमेरिकन कौन्सिल ऑन ह्युमन राइट्सनं घेतली.

१९३९ ते १९४१ या काळात राष्ट्रीय अध्यक्षपदी स्वतः डॉ. फेरेबी होत्या. लस आणि कायदा ही दोन्ही कामं मग एकाच बाईच्या हाताखाली चालली. आपल्याकडे सेवा करणारे आणि संघर्ष करणारे एकमेकांकडे जरा संशयानं बघतात. त्यांना हे दाखवावंसं मला नेहमी वाटतं.

माउंड बायू

पहिल्या उन्हाळ्यानंतर काम होम्सकडून बोलिव्हर काउंटीकडे सरकलं, माउंड बायूच्या परिसरात. हे गाव १८८७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांनी दलदल तोडून वसवलेलं; महापौर, पोस्टमास्तर, दुकानदार सगळे कृष्णवर्णीय. इथे मुकादमाचा घोडा टेबलापर्यंत येत नव्हता. आसपासच्या मळ्यांवर मात्र तीच कथा.

प्रोजेक्ट थांबला तो महायुद्धामुळे. १९४२ मध्ये पेट्रोल आणि टायर यांवर रेशन आलं, आणि ज्या मोटारींमुळे हे काम उभं राहिलं होतं त्याच जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी माउंड बायूत टॅबोरियन हॉस्पिटल उघडलं. नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबोर या कृष्णवर्णीयांच्या परस्पर-मदत मंडळानं सभासदांच्या वर्गणीतून ते बांधलं. वाटेकरी सभासद पुढच्या दारानं आत जाऊ शकत होता. ‘काळ्यांसाठी’ म्हणून मागचं दार त्या इमारतीला नव्हतंच.

आणि त्याच गावात १९६७ मध्ये डॉ. जॅक गायगर आणि सहकाऱ्यांनी डेल्टा हेल्थ सेंटर सुरू केलं, अमेरिकेतलं खेड्यातलं पहिलं सामुदायिक आरोग्य केंद्र. पुढची पिढी, सरकारी पैसा, नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेली माणसं. रुग्ण तेच होते: कापसाच्या मळ्यांवरचे, आता यंत्रं आल्यामुळे कामावरून काढलेले, उपाशी. तिथल्या डॉक्टरांनी कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर औषधाच्या जागी दूध, भाजी, मांस लिहायला सुरुवात केली. दुकानदारानं माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यावर टाकायचं. वरून विचारणा झाली की हा औषधांचा पैसा आहे, अन्नावर कसा खर्चता? गायगर यांचं उत्तर होतं की कुपोषणावर पुस्तकात दिलेला उपचार अन्न हाच आहे.

पुढच्या वर्षी तिथल्याच कुटुंबांनी मिळून नॉर्थ बोलिव्हर काउंटी फार्म कोऑपरेटिव्ह काढली. तिची धुरा सांभाळणाऱ्या एल. सी. डॉर्सी मळ्यावरच्या वाटेकऱ्याच्या घरात जन्मलेल्या, १९३८ च्या. म्हणजे सोरोरिटीच्या मोटारी डेल्टाच्या धुळीतून फिरत होत्या त्याच वर्षांतल्या. ज्या मातीत कापसाशिवाय दुसरं काही लावू दिलं जात नव्हतं, तिच्यात या सोसायटीनं शेंगा, घेवडा, पालेभाज्या लावल्या.